विसाव्या बाळंतपणाची सही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय सुईणपण आणि ते शिकवणे, सध्या दोन्हींतून निवृत्त, आज माझ्या राहत्या घरी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि हे लिहायला कुणी भाग पाडले का, असेही विचारले. मी नाही म्हटले. ते पूर्णपणे खरे नाही. एका छापील वाक्याने मला भाग पाडले आहे. ते वाक्य कोणते, हे पाचव्या कलमात येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही. वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तदनंतर' इतके होते की माझ्या चार वस्तू त्यांच्याखाली सापडेनात. कायद्याला लागेल तेवढे त्यांनी तपासून घ्यावे, बाकीचे माझे मला लिहू द्यावे.

कलम पहिले : घर

पुढची खोली, मागची खोली आणि रुग्णालयाच्या धोबीखान्याकडे उघडणारी खिडकी, एवढे माझे घर. ते मी माझ्या भाचीला देत आहे. भाची म्हणजे माझ्या आतेभावाची मुलगी. मी लग्न केले नाही. हजारो मुलांना पहिला हात लावणारीला स्वतःचे एकही नाही, म्हणून ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडावर हळहळ व्यक्त केली, त्यांच्यासाठी या कागदात काही ठेवलेले नाही.

भाचीने सुईणपणाचे शिक्षण घ्यायचे ठरवले तेव्हा तिचा बाप म्हणाला होता, "डॉक्टरची मुलगी आणि सुईण? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." ती एक पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि मागच्या खोलीत दोन वर्षे राहिली. ती खोली तेव्हापासून तिचीच आहे, आता कागदावर होईल इतकेच. मागच्या दाराची कडी अडकते. ती आधी वर उचलावी आणि दार हलकेच ढकलावे. ओढू नये. ओढून काही सुटत नाही, हे तिला वेगळे सांगायला नको.

कलम दुसरे : बँकेतील शिल्लक

जी काही निघेल तिच्यातून बाळंतिणीच्या वॉर्डाबाहेर बाक बसवावेत, पाठ टेकता येईल असे. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत आत बाई कळा देत असायची आणि बाहेर तिची आई भिंतीला धरून उभी असायची. मी अकरा वर्षे अर्ज केले. अधीक्षकसाहेब अकरा वर्षे "बघू" म्हणाले आणि मग निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना बसायला गादीची खुर्ची दिली होती. बाकांवर माझे नाव घालू नये.

कलम तिसरे : हत्यारे

नाळ कापायची कात्री वॉर्डातल्या मावशींना द्यावी. ती मी वापरली, पण रोज उकळून, पुसून, कपड्यात गुंडाळून ठेवली त्यांनी. आता तिने नाळ कापू नये, धार गेली आहे. दोरा कापावा.

बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांच्याकडे यंत्र आहे हे मला ठाऊक आहे. यंत्राची वीज जाते, कानाची जात नाही.

कलम चौथे : देह

माझा देह इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदन विभागाला द्यावा. बावन्न वर्षांपूर्वी त्या महाविद्यालयाने सुईणींना डॉक्टरांच्या वर्गात शिकवायला मनाई केली. त्या टेबलावर मी पडून राहिले की मला बाहेर काढायला कुणी शिपाई पाठवणार नाही, आणि चार मुले माझ्याकडून काहीतरी शिकतीलच. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर प्रसूती विभागाच्या कुणीही भाषण करू नये.

कलम पाचवे : बाहुली

ही माझ्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू. ती मुळात माझी नाही, माझ्या आत्याची आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिने मला तिच्या मुलाबरोबर वाढवले. तो मुलगा म्हणजे वर सांगितलेला आतेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. आत्याला अक्षरओळख नव्हती. पंचाहत्तर वर्षांपूर्वी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा प्रसूतीचा विषय शिकवायला जे मोठे सर आले, त्यांना परीक्षेत सुवर्णपदक मिळाले होते आणि त्यांनी आयुष्यात तीन बाळंतपणे पाहिली होती, तीही दारातून. हे त्यांनी स्वतः आत्याला सांगितले. माणूस खरोखर मोठा होता, म्हणून सांगू शकला.

"बाई, आमच्या मुलांना शिकवाल का?" त्यांनी विचारले.

आत्या म्हणाली, "शिकवीन. पण आधी तुम्ही शिका."

आणि ते शिकले. वर्षभर विद्यार्थ्यांच्या रांगेत शेवटच्या स्टुलावर बसून.

बाहुली आत्याने तेव्हा शिवली. अंगात कापूस, डोक्यात दाबून भरलेला भुसा, नवजात बाळाच्या मापाची आणि वजनाची. डोक्यावर तिने जाड दोऱ्याने दोन खुणा घातल्या. पुढची टाळू चौकोनी, मागची तिकोनी. सुताराने लाकडाची कटी, म्हणजे बाईच्या कमरेच्या हाडांचा पोकळ साचा, करून दिली, तिला आतून मऊ चामडे लावले. विद्यार्थ्याचे डोळे बांधायचे, हात चादरीखाली घालायला लावायचे, आणि नुसत्या दोन बोटांनी बाळाचे तोंड कुठे आहे ते त्याने सांगायचे. पुस्तक पाठ असलेली मुले घामाघूम होत. एकाने एकदा बाहुलीच्या टाचेला हनुवटी म्हटले. तो पुढे मोठा सर्जन झाला, हाडांचा.

परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येकाच्या वहीत वीस बाळंतपणांची नोंद आणि प्रत्येक नोंदीखाली सुईणीची सही लागे. आत्याने नियम घालून दिला होता. पहिल्या दहांत सुईणीचा हात विद्यार्थ्याच्या हातावर. पुढच्या दहांत विद्यार्थ्याचे हात पुढे आणि सुईणीचे पाठीमागे, बोटे एकमेकांत अडकवून. "आपले हात पुढे आले की पोरांचे मागे जातात," ती म्हणायची. "जीव खालीवर झाला तरी थांबायचं." मात्र खरा धोका दिसला तर सुईणीने हात पुढे घ्यायचेच. त्यात कमीपणा नव्हता. फक्त मग ते बाळंतपण वहीत धरायचे नाही. विद्यार्थ्याने दुसरे करायचे. आत्याला सही येत नसल्यामुळे ती अंगठा उठवी. मी हाताखाली आल्यावर सह्या मी करू लागले.

तेवीस वर्षे हे चालले. आता ते छापील वाक्य.

महाविद्यालयाच्या पंचाहत्तरीनिमित्त एक ग्रंथ निघतो आहे. संपादक एक नम्र तरुण प्राध्यापक आहेत. मागच्या महिन्यात ते मला तपासायला पाने देऊन गेले. प्रसूतीच्या शिक्षणाचा इतिहास दीड पानात आहे, आणि त्यात असे लिहिले आहे : 'प्रारंभीच्या काळात प्रात्यक्षिके सुईणींकडून घेतली जात. एका निरक्षर सुईणीच्या निष्काळजीपणामुळे अर्भक दगावल्यानंतर ही प्रथा बंद झाली व या विषयाच्या अध्यापनास शास्त्रीय पाया लाभला.'

ती निरक्षर सुईण म्हणजे माझी आत्या. तिने निष्काळजीपणा केला नाही. तो मी केला. मी हे कुणालाही कधी सांगितलेले नाही, म्हणून आता सरळ लिहिते.

माझा आतेभाऊ त्याच महाविद्यालयात शिकला. आईने मुलाच्या वहीवर अंगठा उठवायचा नाही, हाही आत्याचाच नियम, म्हणून त्याची बाळंतपणे माझ्याकडे आली. एकोणीस झाली. परीक्षेचे अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी बंद होणार होते. दुपारी तीन वाजता एक बाई आली. मी हात पाठीमागे घेतले. डोके नीट बाहेर आले आणि खांदा अडकला. असे झाले की ओढायचे नसते. बाईचे गुडघे पोटाशी घ्यायचे, आणि तरी सुटले नाही तर आत हात घालून बाळाचा मागचा हात आधी काढायचा. बाहुलीवर त्याने हे पन्नास वेळा केले होते. पण त्याचे हात थिजले. मग तो ओढू लागला. मी त्याला खांद्याने बाजूला सारले, हात आत घातला, मागचा हात काढला. बाळ रडले. तोही रडत होता.

"ताई, हे धरू नकोस," तो म्हणाला. एवढे त्याच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "पण आईला काय सांगू?"

आत्या सकाळपासून दोनदा विचारून गेली होती, झाली का वीस म्हणून. सुईणीचा मुलगा डॉक्टर होणार, या एका गोष्टीवर ती तेवीस वर्षे चालत होती. मी वही ओढली आणि लिहिले : 'खांदा अडकला. मागचा हात काढून सोडवला. स्वहस्ते.' खाली सही केली. एका सहीने कुणाचे काय बिघडणार होते!

आत्याने ती नोंद माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "स्वहस्ते" या शब्दावर तिने बोट ठेवले, वाचता येत असल्यासारखे.

त्यानंतर चार महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, वॉर्डात तो नवा डॉक्टर म्हणून उभा होता आणि सुईण म्हणून आत्या. पुन्हा खांदा अडकला. आत्याने हात पुढे घेतले आणि परत मागे नेले. याने हे केले आहे, हे तिने माझ्या तोंडून तीनदा ऐकले होते. तो ओढत राहिला. शेवटी तिने त्याला ढकलले आणि बाळ सोडवले, पण ते रडले नाही. मी दारात उकळलेल्या हत्यारांचा ट्रे घेऊन उभी होते. बाई वाचली. सहाव्या दिवशी ती फाटकातून बाहेर पडताना मी पाहिली. बाळासाठी आणलेले कपडे घडी घालून छातीशी धरले होते. तिला मी कधी शोधले नाही. शोधून काय सांगणार होते?

चौकशीला तीन डॉक्टर बसले. मोठे सर तोवर वारले होते. टेबलावर वही होती. आतेभाऊ आधी आत जाऊन आला. मग मला बोलावले.

"ही सही तुमची?"

"हो."

"म्हणजे या डॉक्टरांनी अशी केस आधी स्वतः हाताळली होती?"

माझी नोकरी, त्याची पदवी, सगळे त्या एका उत्तरावर लटकले होते. मी म्हणाले, "हो."

निष्कर्ष एका ओळीचा होता. अनुभवी डॉक्टरला ऐन वेळी एका निरक्षर सुईणीने ढकलले. पुढच्या महिन्यापासून सुईणींनी विद्यार्थ्यांना शिकवणे बंद झाले. आम्ही ट्रे धरायचे. तीस तीस मुले एका बाईभोवती उभी राहून लांबून बघू लागली, आणि वीसच्या जागी वहीत 'उपस्थित' असा शिक्का आला. बाहुली भंगारात निघाली. ती मी तिथून उचलून आणली.

आत्या त्या दिवशी बाहेर बसली होती. मी आल्यावर तिने विचारले, "त्यानं ते स्वतः केलं होतं ना गं?"

मी पुन्हा हो म्हटले. तिसऱ्यांदा.

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "एक तर मी फार थांबले, नाहीतर फार लवकर ढकललं. कुठलं ते कळत नाही मला."

त्यानंतर ती नऊ वर्षे जगली. बाहुलीला तिने हात लावला नाही. मी जेवायला वाढताना, वेणी घालून देताना, ती मध्येच माझ्याकडे बघून विचारायची, "काही सांगायचंय का तुला?" मी नाही म्हणायची. शेवटच्या आजारपणातही तिने विचारले. मी उशी सारखी करत म्हटले, "नाही गं, तू पड." सुईणीपासून पोट लपत नाही म्हणतात. मी नऊ वर्षे लपवले, आणि ती स्वतःला दोष देत गेली. याचे दुःख मला रोज होते. ते कमी झालेले नाही. म्हातारपणी माणूस सगळे विसरतो हे खोटे आहे.

ही बाहुली, सुताराने केलेल्या कटीसह, मी माझ्या भाचीला देत आहे. तिच्या आजीची आहे. पुढच्या वर्षीपासून महाविद्यालयात वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रसूतीचे प्रात्यक्षिक पुन्हा सुईणी शिकवणार आहेत, आणि पहिली नेमणूक भाचीची झाली आहे. बाहुलीची मान समोरच्या शिंपीकाकांनी दोनदा शिवली आहे. टाळूचे टाके मात्र आत्याचेच आहेत. ते कुणी उसवू नयेत.

भाचीने बाहुली घेताना एक अट पाळावी. वर्गात पहिल्याच दिवशी आत्याची गोष्ट सांगावी, आणि माझीही. माझे वागणे सौम्य करून सांगू नये.

कलम सहावे : ग्रंथ

पाचव्या कलमाची नक्कल संपादक महाशयांना माझ्या मृत्यूची वाट न पाहता द्यावी. 'निरक्षर' हा शब्द त्यांनी हवा तर ठेवावा, तो खरा आहे. 'निष्काळजीपणा' पुढे आत्याऐवजी मी आहे असे लिहावे. तिचा अंगठा असलेली एक जुनी वही माझ्या कपाटात आहे. जिथे सगळ्या प्राध्यापकांचे फोटो आहेत, त्या पानावर तो अंगठा छापावा, कारण तिचा फोटो कधी कुणी काढलाच नाही.

कलम सातवे : आतेभाऊ

आतेभावाला मी काहीही देत नाही. तो पुढे त्याच विभागाचा प्रमुख झाला, निवृत्त झाला, त्याची तसबीर लागली. बावन्न वर्षांत आम्ही दोघे या विषयावर एक शब्द बोललो नाही. लग्नकार्यात, आजारपणात भेटलो, चहा प्यायलो आणि मूग गिळून बसलो. माझा त्याच्यावर राग आहे. मी निदान भंगारातून बाहुली तरी उचलली. तो त्याच खोलीत तीस वर्षे शिकवत राहिला, आणि आईचे नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकले नाही. त्याला याचे काही वाटत असेल असे मला कधी दिसले नाही.

त्याला काही न देण्याचे कारण मात्र राग नव्हे. वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. त्याला मी बुधवारी सकाळी बोलावले आहे, कशाला ते सांगितलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची कायद्याने गरज नसते. त्याने पूर्ण वाचावा, चष्मा लावून, माझ्यासमोर, अशी माझी अट आहे. मग पटले तर सही करावी. न पटले तर चहा पिऊन जावे. मी हात पुढे करणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

वर लिहिलेले सर्व माझ्या समजुतीने, माझ्या इच्छेने आणि माझ्या हाताने लिहिले आहे, आणि या वेळी खरे लिहिले आहे.

स्थळ : माझे घर, मागची खोली
सह्यांचा वार : बुधवार, सकाळचे साडेअकरा

(सही)
लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला : आतेभाऊ, निवृत्त डॉक्टर, वय शहात्तर

मी सर्व वाचले. विसावे बाळंतपण माझे नव्हते. चौकशीत मीही खोटे बोललो. वकीलसाहेब म्हणतात की साक्षीदाराने याहून जास्त लिहू नये, तरी लिहितो.

ताई, आईला मी त्याच वर्षी सगळे सांगितले होते. तिच्या पायांवर डोके ठेवून सांगितले. आपण वरिष्ठांकडे जाऊन खरे बोलू म्हणालो, तर ती म्हणाली, "बाळ परत येणार आहे का? मग आता तुम्हा दोघांचं तरी राहू दे." तुला सांगतो म्हटले तर नको म्हणाली. "तिला तू काही बोलू नकोस. ती आपणहून सांगेल. तोवर आपण हात मागे ठेवायचे." शेवटच्या दिवशी मी पुन्हा विचारले, आता तरी सांगू का. तिला बोलता येत नव्हते. तिने चादरीवरचे दोन्ही हात उचलले आणि पाठीखाली नेले. म्हणून मी थांबलो होतो.

(सही) स्वहस्ते

साक्षीदार दुसरा : समोरचा शिंपी

दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. बाईंनी आधी केली, मग डॉक्टरांनी लिहिले ते बाईंनी वाचले. त्यानंतर बाई फार रडत होत्या, पण शुद्धीवर होत्या.

(सही)